मूर्ती परत आल्या, कीर्तनाचे काय?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावात चोरी झाली. समर्थ रामदासांच्या जन्मगावातल्या देवघरात पिढ्यानपिढ्या पूजल्या गेलेल्या पंचधातूच्या मूर्ती चोरट्यांनी रातोरात लांबवल्या. गाव सुन्न झाले, मग संतापले. ग्रामस्थ आंदोलनाला बसले, प्रश्न विधानसभेत गेला, तपासाची पथके जिल्ह्याबाहेर धावली आणि ऑक्टोबरअखेर पोलिसांनी मूर्तींचा छडा लावला. शासन, समाज आणि माध्यमे एका दिशेने हलली तर काय होऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण होते.

मूर्ती चोरीला गेली की लगेच कळते. देवघर रिकामे दिसते, पंचनामा होतो, गुन्हा नोंदवला जातो. पण गावातली कीर्तनाची एखादी चाल, आख्यान लावण्याची एखादी पद्धत, एखाद्या मठातली जुनी पोथी पुढच्या पिढीत कुणी शिकले नाही, कुणी वाचली नाही म्हणून नाहीशी झाली, तर त्याची फिर्याद कुठे नोंदवायची? कुणी तिचा तपास करत नाही, कारण ती गेल्याचेच कुणाला कळत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीकडे पहिल्या प्रकारच्या गांभीर्याने पाहायला शिकलेला एक देश आशियातच आहे. त्याचे नाव दक्षिण कोरिया. मराठी अस्मितेवर बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या देशाची गेल्या शतकाची धडपड नीट समजून घ्यावी, अशी ती आहे.

कोरिया मराठवाड्याला आता परका राहिलेला नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना आहे. जालन्यातल्या महाविद्यालयीन मुलामुलींच्या मोबाइलवर बीटीएसची गाणी आणि कोरियन मालिका असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचा उल्लेख आहे. मुलांना या संस्कृतीची ओढ वाटते, यात काळजीचे काही नाही. फक्त त्या गाण्यांच्या आणि मालिकांच्या मागे काय उभे आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. तिथे भाषा आणि कला पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्याची एक व्यवस्था उभी आहे, आणि ती फार वाईट दिवसांत उभारली गेली आहे.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. १९३८ नंतर शाळांमधून कोरियन भाषा हळूहळू हद्दपार झाली. १९४० मध्ये लोकांना जपानी पद्धतीची नावे घ्यायला लावणारा आदेश आला आणि सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नाइलाजाने नावे बदलली. त्याच काळात काही भाषाभ्यासक आपल्या भाषेचा मोठा शब्दकोश तयार करत होते. १९४२ मध्ये त्यांची धरपकड झाली. कोशाचे काम म्हणजे राजद्रोह ठरला. ली युन-जे आणि हान जिंग हे दोन अभ्यासक तुरुंगातच वारले. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले आणि बेपत्ता झाले. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानी सत्ता संपली. त्यानंतर काही आठवड्यांनी ते बाड सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. १९४७ मध्ये कोशाचा पहिला खंड निघाला. मधली तीन वर्षे कोरियन युद्धाने खाल्ली. सहावा आणि शेवटचा खंड यायला १९५७ साल उजाडले. शब्दकोशासाठी माणसांनी तुरुंगात प्राण सोडल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

मराठी मुलखात ही गोष्ट समजायला सर्वांत जवळचा प्रदेश मराठवाडाच आहे. हैदराबाद संस्थानात मराठी लाखोंची घरची भाषा होती, पण दरबार, कचेरी आणि वरचे शिक्षण उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे मोठे काम केले, हे मान्यच करायला हवे. उर्दूही काही परकी नव्हती. वली आणि सिराज हे थोर कवी औरंगाबादचेच. मात्र भोकरदनच्या किंवा परतूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला वकील, डॉक्टर, अधिकारी व्हायचे तर घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवूनच पुढे जावे लागे. परवानगीशिवाय सभा घेण्यावर बंदी घालणारी ‘गश्ती निशाण ५३’ होती, त्यामुळे साधा सांस्कृतिक मेळावाही संशयाच्या नजरेखाली येई.

त्या काळात मराठवाड्याने शाळा काढल्या. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालय उभे राहिले. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवत होते. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला झाले. हे परतूर जांब समर्थच्या शेजारच्या तालुक्याचे गाव. १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाड्याचा स्वातंत्र्यदिन १७ सप्टेंबर १९४८ ला उगवला. शाळेच्या फळ्यावर मराठी लिहिता यावी यासाठी ज्यांनी पगार, घर आणि प्रसंगी स्वातंत्र्य पणाला लावले, त्यांची ही भूमी आहे. कोरियन शब्दकोशाची कथा ऐकून इथल्या जुन्या शिक्षकाला नवल वाटणार नाही.

वाटा वेगळ्या झाल्या त्या स्वातंत्र्यानंतर. महाराष्ट्राने ग्रंथांच्या बाजूने मोठे काम केले. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाची योजना सुरू झाली. औरंगाबादला १९५८ मध्ये विद्यापीठ आले होते. आता मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरला उभे राहत आहे. कोरियाने मात्र लिहिलेल्या शब्दाइतकेच गायलेल्या, वाजवलेल्या, सांगितलेल्या शब्दाकडेही लक्ष दिले. १९५१ मध्ये, कोरियन युद्ध ऐन भरात असताना, राजधानी सोडून बुसानला आलेल्या सरकारने तिथे राष्ट्रीय पारंपरिक संगीत संस्था उघडली. लोक निर्वासितांच्या छावण्यांत राहत होते, अन्नाची चणचण होती, आणि सरकार जुन्या दरबारी वादकांना एकत्र करून त्यांच्याकडून पुढच्या मुलांना शिकवून घेत होते. १९६२ मध्ये सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याने इमारती आणि मूर्तींबरोबर कलेलाही संरक्षित वारसा मानले. १९६४ पासून कलांची यादी तयार होऊ लागली आणि तिच्या पहिल्याच वर्षी पान्सोरी ही कथागायनाची कला तीत आली.

पान्सोरी पाहताना मराठी माणसाला ओळखीचे काहीतरी दिसेल. एक गायक किंवा गायिका हातात पंखा घेऊन उभी असते. शेजारी एक ढोलवादक बसलेला असतो. गायिका एकटीच कथेतली सगळी पात्रे होते, कधी गाते, कधी बोलून गोष्ट पुढे नेते, कधी हातवाऱ्यांनी प्रसंग उभा करते. वादक मध्येच शाबासकीचा शब्द टाकतो, श्रोतेही ‘वाहवा’ अशा अर्थाचे उद्गार काढतात, आणि ते उद्गार हा कार्यक्रमाचाच भाग मानला जातो. ‘छुन्ह्यांग’ची कथा पूर्ण गायची तर सात-आठ तास लागू शकतात. आपल्याकडचे बुवा पूर्वरंगात अभंग सोडवून उत्तररंगात आख्यान लावतात, पदे गातात, साक्या-दिंड्या म्हणतात, मध्येच विनोद करतात, पेटी-तबल्याची साथ असते आणि श्रोत्यांतून नामाचा गजर उठतो. देव वेगळे, कथा वेगळ्या, सूर वेगळे. पण एका माणसाने रात्रभर गाव जागे ठेवण्याची ही कला दोन्हीकडे आहे.

पान्सोरीच्या मूळ बारा कथा होत्या. आज त्यांपैकी पाचच पूर्ण गायल्या जातात. उरलेल्या सात कुणी चोरल्या नाहीत, जाळल्या नाहीत. त्या गाणारे गेले आणि शिकणारे आले नाहीत, एवढेच घडले. एकोणिसाव्या शतकात शिन जे-ह्यो नावाच्या जाणत्या आश्रयदात्याने कथांच्या संहिता नीट केल्या, शिष्य घडवले आणि जिन छे-सन या स्त्रीला शिकवून पुरुषांच्या या कलेत आणले. पाच कथा टिकून हाती लागल्या त्यात अशा कामाचा मोठा वाटा आहे. २००३ मध्ये युनेस्कोने पान्सोरीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्याच्या चाळीसेक वर्षे आधीपासून कोरिया ही कला घराघरांतून शोधून काढत होता.

कोरियाच्या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग पैशाचा आहे, आणि तो पैसा कशासाठी दिला जातो याचा आहे. एखाद्या कलेत निष्णात मानल्या गेलेल्या व्यक्तीला सरकार त्या कलेची ‘धारक’ म्हणून मान्यता देते आणि दरमहा मानधन देते. लोक तिला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. त्या मानधनाबरोबर जबाबदारी येते. तिने शिष्य घ्यायचे, त्यांना शिकवायचे आणि ठरावीक काळाने जाहीर सादरीकरण करायचे. शिकणाऱ्यांच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत. नवशिका, मग शिक्षण पूर्ण करून परीक्षा दिलेला शिष्य, मग गुरूला शिकवण्यात मदत करणारा सहायक. गुरू गेला तरी साखळी तुटू नये, अशी ही रचना आहे.

महाराष्ट्र शासनही कलावंतांना मानधन देते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी योजना आहे, आणि ती गरजेची आहे. आयुष्यभर तमाशाच्या फडात, भजनी मंडळात, गोंधळाच्या मांडावर राबलेल्या माणसाला म्हातारपणी औषधाला पैसे मिळावेत, हे सभ्य राज्याचे कर्तव्यच आहे. पण या योजनेचा आधार वय आहे. कलावंत वृद्ध झाला, त्याने पूर्वी सेवा केली, म्हणून शासन त्याचा सन्मान करते. त्याच्या गळ्यात आज जे आहे ते उद्या कुणाच्या गळ्यात जाणार, असा प्रश्न त्या अर्जात विचारला जात नाही. कोरियात मानधन घेणाऱ्याच्या दारात शिष्य बसलेला असतो. इथे मानधन घेणारा बहुधा एकटा असतो. दोन्ही राज्यांना कलावंताबद्दल आदर आहे, पण एकाने तो आदर कामाशी जोडला आणि दुसऱ्याने तो निरोपाशी जोडला.

हे सारे जांब समर्थला लागू पडते, कारण ज्यांच्यामुळे या गावाचे नाव झाले त्यांना हा विचार फार आधी सुचला होता. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीला जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसरांनी, म्हणजेच समर्थ रामदासांनी, तरुणपणी देशभर पायी प्रवास केला, आणि पुढे जे उभे केले ते मठांचे जाळे होते. मठ म्हणजे राहायचे, शिकायचे आणि बाहेर पडून शिकवायचे ठिकाण. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कीर्तन कसे करावे यावर स्वतंत्र समास आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा धराव्यात, लेखणी आणि शाई कशी करावी, इतक्या बारकाव्यांत समर्थ उतरले. ग्रंथ टिकायचा तर त्याची नक्कल करणारा हात तयार हवा, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी वेणाबाईंना कीर्तनाचा अधिकार दिला आणि मिरजेच्या मठाची जबाबदारी सोपवली. जिन छे-सनच्या दोनशे वर्षे आधी मराठी मुलखात एक विधवा स्त्री मठाधिपती होऊन कीर्तन करत होती.

समर्थांबद्दल महाराष्ट्रात वाद झाले आणि होत राहतील. शिवराय आणि समर्थ यांची भेट कधी झाली, या एका प्रश्नावर विद्वानांनी शतकभर लेखणी झिजवली. इतिहासाचे असे वाद व्हायलाच हवेत, पुरावे तपासायलाच हवेत. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी जितकी शाई खर्ची पडली, तिच्या दहाव्या हिश्शानेही कुणी विचारले नाही की रामदासी कीर्तन आज किती जणांना येते, कोण शिकवते, कुठे शिकता येते. पुण्याच्या नारद मंदिरात आणि दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेत नारदीय कीर्तनाचे शिक्षण मिळते. सज्जनगडावर परंपरा जपली जाते. मराठवाड्यातल्या मुलाला मात्र, समर्थांच्या जन्मभूमीतच, यासाठी दूरचा प्रवास करावा लागतो.

मराठी समाजाला अशी संस्था उभारता येत नाही, असे मुळीच नाही. त्याचा सर्वांत ठसठशीत दाखला आळंदीत आहे. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. गावोगावची शेतकऱ्यांची मुले तिथे येतात, चार वर्षे ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत शिकतात, मृदंग आणि चाली शिकतात, माधुकरीवर जेवतात आणि परत जाऊन आपापल्या गावात कीर्तन करतात. मराठवाड्यात आज सप्ताह भरतात, काल्याची कीर्तने होतात, तरुण कीर्तनकारांना हजारो माणसे ऐकतात, त्यामागे आळंदीचा मोठा हात आहे. सरकारी पैशाविना, एका माणसाच्या निश्चयावर आणि समाजाच्या भाकरीवर शंभर वर्षे चाललेली ही व्यवस्था कोरियाने पाहिली असती तर तिची कौतुकाने नोंद घेतली असती. वारकरी कीर्तन फुलले आणि रामदासी कीर्तन आटले, याचे एक कारण इथेच दिसते. एकाकडे विद्यालय होते, दुसऱ्याकडे फक्त उत्सव उरला.

उत्सव आणि विद्यालय एकाच गावात कसे नांदतात, हे नामवॉनमध्ये पाहायला मिळते. कोरियाच्या नैर्ऋत्येकडच्या जोल्ला प्रांतातले हे छोटे शहर. जोल्ला शेतीचा प्रदेश. उद्योग आणि सत्ता यांच्या वाटपात आपल्याला डावलले गेले, ही भावना तिथे खोल आहे. मराठवाड्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. याच प्रांतात पान्सोरी बहरली. छुन्ह्यांगची कथा नामवॉनमध्ये घडते. जपानी अमलात, १९३१ मध्ये, गावकऱ्यांनी कथेतल्या या नायिकेचे स्मृतिमंदिर उभारले आणि तिच्या नावाने जत्रा सुरू केली. ती आजही दरवर्षी भरते, आणि तिच्यात पान्सोरीची स्पर्धा होते. पुढे सरकारने राष्ट्रीय संगीत संस्थेची लोकसंगीत शाखा राजधानीत न ठेवता याच लहान शहरात उघडली. त्यामुळे जत्रेला येणारी मुलगी जी कथा ऐकते, ती शिकायला तिला सोल गाठावे लागत नाही.

ग्रंथांच्या बाबतीतही दोन्ही समाजांच्या कथा जवळून जातात. १८६६ मध्ये फ्रेंच आरमाराने गांगह्वा बेटावरच्या शाही ग्रंथालयाला आग लावली आणि निवडक ग्रंथ पॅरिसला नेले. त्यांत ‘उईग्वे’ होत्या. राजघराण्यातले विवाह, अंत्यविधी, बांधकामे कशी पार पाडली, किती माणसे लागली, काय खर्च आला, मिरवणुकीत कोण कुठे चालले, हे सारे चित्रांसह लिहून ठेवलेली ही दफ्तरे. शंभर वर्षे त्यांचा पत्ता नव्हता. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सन या कोरियन विदुषीने १९७५ मध्ये त्या शोधून काढल्या आणि आयुष्यभर पाठपुरावा केला. २०११ मध्ये २९७ खंड कोरियात परतले. कागदावर ते आजही मुदतीने दिलेले आहेत, पण मायदेशी आहेत. अशाच एका दफ्तराच्या आधारे सुवॉनचा ह्वासोंग किल्ला युद्धात उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा बांधता आला, आणि १९९७ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. कसे केले, हे लिहून ठेवले होते म्हणून पुन्हा करता आले.

मराठीत हे काम धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी केले. पेशाने वकील असलेल्या नानासाहेब देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि गावोगावचे रामदासी मठ पालथे घातले. वाळवी लागलेली, अडगळीत पडलेली बाडे गोळा केली. डोमगावच्या मठातल्या, समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून दासबोध छापला. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर त्या परिश्रमाचे फळ आहे. पार्क बाईंचे नाव कोरियात आदराने घेतले जाते. नानासाहेब देव जालना जिल्ह्यातल्या किती शाळांत सांगितले जातात? समर्थांचा शब्द शुद्ध रूपात आपल्यापर्यंत पोचला तो या माणसामुळे, हे जांबच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवे.

कोरियाचा कित्ता डोळे मिटून गिरवण्यासारखा नाही. १९६२ चा कायदा झाला तेव्हा तिथे पार्क चुंग-ही यांची लष्करी राजवट होती, आणि तिला राष्ट्रीय परंपरेचा गौरव स्वतःच्या सत्तेसाठीही हवा होता. ‘धारक’ हा मान कुणाला मिळावा यावरून कलावंतांत भांडणे झाली. यादीत नोंदवलेले रूप हेच खरे, असे ठरल्यामुळे काही कला गोठून गेल्या, अशी टीका तिथलेच अभ्यासक करतात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एकच रक्त, एकच वंश या कल्पनेवर राष्ट्राची ओळख उभारल्यामुळे व्हिएतनाम किंवा फिलिपाइन्सहून लग्न होऊन आलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुले तिथे वर्षानुवर्षे परकी मानली गेली. मराठी अस्मितेने यातले काहीही घेऊ नये. जालन्यात मराठीबरोबर उर्दू, मारवाडी, बंजारा बोली, हिंदी रोज कानावर पडते. मराठी शिकण्याची दारे या सगळ्यांना उघडी ठेवली तरच ती इथली सामाईक भाषा राहील.

आणि कलावंताला पैसा देणारे सरकार त्याच्या तोंडाला कुलूप लावू पाहते, हेही कोरियाने अनुभवले. अध्यक्ष पार्क गून-हे यांच्या काळात सरकारला न आवडणाऱ्या हजारो कलावंतांची काळी यादी तयार झाली होती. तिच्यात चित्रपट दिग्दर्शक बोंग जून-हो होते, लेखिका हान कांग होत्या. पुढे बोंग यांना ऑस्कर मिळाले. हान कांग यांचा जन्म जोल्लातल्या ग्वांगजू शहरातला. १९८० मध्ये तिथे लष्कराने आंदोलकांवर केलेल्या हत्याकांडावर त्यांनी कादंबरी लिहिली. १० ऑक्टोबर २०२४ ला त्यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाले.

त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाराष्ट्राने पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. पण या दोन बातम्या शेजारी ठेवून पाहायला हव्यात. मराठीच्या बातमीत भूतकाळाची पुरातनता सिद्ध झाली होती. कोरियनच्या बातमीत आज लिहिणारी एक बाई जगाने वाचली होती. जग ती वाचू शकले कारण कोरियात साहित्याच्या अनुवादासाठी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. ती परदेशी अनुवादक घडवते, त्यांना अनुदान देते, प्रकाशक शोधते. भालचंद्र नेमाडे, नामदेव ढसाळ, मराठवाड्याचेच नरहर कुरुंदकर आणि आसाराम लोमटे यांच्यासाठी अशा ताकदीची यंत्रणा मराठीकडे नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याच्या निर्णयावरून राज्य ढवळून निघाले. २९ जूनला शासनाने त्या निर्णयाचे दोन्ही आदेश मागे घेतले. मराठीसाठी माणसे रस्त्यावर उतरू शकतात, हे त्या आठवड्यांनी दाखवले. हीच ताकद पुढच्या कामाकडे वळवण्याची गरज आहे, कारण बाहेरून येणारे संकट थोपवणे हा अर्धाच भाग झाला. आतून होणारी झीज मोर्चाने थांबत नाही. तिला शिक्षक लागतो, वर्ग लागतो, शिष्यवृत्ती लागते.

सुरुवात जांब समर्थपासून करता येईल, आणि त्यासाठी फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. गावात दरवर्षी रामनवमीचा उत्सव होतो, भाविक येतात, समर्थांचे जन्मस्थान पाहून परततात. तिथे बारमाही निवासी कीर्तन विद्यालय सुरू व्हावे. रामदासी, नारदीय आणि वारकरी या तिन्ही पद्धती एका छताखाली शिकवल्या जाव्यात. प्रवेशाला जातीची, धर्माची, मुलगा-मुलगी अशी कोणतीही अट नसावी. वेणाबाईंची परंपरा सांगणाऱ्या ठिकाणी मुलींचे वसतिगृह तर असायलाच हवे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, मराठी विभाग आहे. त्यांनी या अभ्यासक्रमाला प्रमाणपत्र आणि पदविकेची मान्यता द्यावी, म्हणजे कीर्तन शिकलेल्या मुलाच्या हातात नोकरीच्या अर्जाला जोडता येईल असा कागदही असेल.

दुसरे काम सांस्कृतिक कार्य विभागाचे. ज्येष्ठांचे मानधन आहे तसे चालू ठेवून त्याच्या जोडीला गुरूंसाठी वेगळे मानधन सुरू करावे. शिष्य घेणाऱ्यालाच ते मिळावे आणि शिष्यालाही शिकण्याच्या काळात विद्यावेतन मिळावे. कीर्तनाबरोबर भारूड, वाघ्या-मुरळी, पोतराज, आंबेडकरी जलसा आणि परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी दिगंतात नेलेला गोंधळ, या सगळ्यांना ते लागू व्हावे. निवड करणाऱ्या समितीत राजकीय नेमणुका नसाव्यात आणि शिकवणाऱ्याने काय गावे, काय सांगावे यात शासनाने बोट घालू नये. काळ्या यादीचा कोरियन धडा इथे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावा.

तिसरे काम नोंदीचे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कीर्तनकारांची पूर्ण आख्याने चाली आणि साथीसह ध्वनिचित्रमुद्रित करावीत, कुणाकडून शिकले ते विचारून लिहून घ्यावे. मराठवाड्यातल्या मठांत आणि घरांत उरलेल्या पोथ्या जागेवरच छायांकित करून मूळ मालकाला परत द्याव्यात. अभिजात दर्जामुळे मराठीच्या अभ्यासासाठी केंद्राकडून जो निधी येईल, त्यातला एक हिस्सा या कामासाठी राखून ठेवता येईल. मूर्तींसाठी विधानसभेत आवाज उठला होता. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात जालन्याच्या आणि घनसावंगीच्या लोकप्रतिनिधींनी या तीन मागण्या पटलावर ठेवाव्यात, आणि त्या मान्य होईपर्यंत जांबच्या ग्रामसभेने दर वर्षी तोच ठराव पुन्हा मंजूर करून मंत्रालयात पाठवावा.